पोलीसबाईंना द्यायचं उत्तर

सेम्बावांग, सिंगापूर, १० फेब्रुवारी २०२५

जाई,

चिरंजीव, शतायुषी वगैरे लिहीत बसत नाही, कणीक भिजवून ठेवली आहे. मी तुझ्याशी बोलणार नाही असं म्हणाले होते. लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते. म्हणून लिहिते. चुका काढू नकोस. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि तरी तुला बाराखडी मीच शिकवली.

सरळ विचारते. तू तुरुंगात आहेस का?

बुधवारी सकाळी दहाला मी पोळ्या लाटत होते. सेंगकांगच्या इंजिनियर पोरांचे चौदा डबे अकराला निघतात, त्या वेळी मी कुणाचाच फोन घेत नाही. पण वाजतच राहिला. परदेशचा नंबर. पिठाच्या हातानेच उचलला. एक बाई इंग्रजीत म्हणाली, मी पोलीस बोलते, तुम्ही जाईची आई का? जाड आवाज, घाई म्हणून नाही, जशी काही मी तिची वाटच बघत बसले होते. मी ठेवला. परत आला. परत ठेवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो नंबरच बंद करून टाकला.

आपल्या लिफ्टमध्ये दोन वर्षं कागद चिकटवलेला आहे. पोलीस आहे असं सांगून कुणी फोन केला तर बोलू नका, ठेवून द्या. चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजीला असाच फोन आला होता, तुमच्या नातवाला पकडलंय म्हणून. तिला नातूच नाही म्हणून वाचली. मला मात्र मुलगी आहे, आणि त्या बाईला तुझं नाव माहीत होतं. ते मला मुळीच आवडलेलं नाही. एक तर ती बाई चोर आहे, नाहीतर खरी पोलीस आहे आणि तू काहीतरी करून बसली आहेस. दोन्ही गोष्टी तू तिकडे गेलीस म्हणूनच.

सेंगकांगच्या बालवाडीतली चांगली नोकरी सोडलीस. तीन महिन्यांसाठी जाते म्हणालीस आणि त्याचं दीड वर्ष केलंस. कुठे, तर अमेरिकेतल्या त्या उजाड माळावर. रेड इंडियन म्हणायचं नाही, लाकोटा म्हणायचं, यावरूनही तू माझ्यावर ओरडली होतीस. बरं, लाकोटा. जूनमध्ये फोनवर मी जरा बोलले, ते आईने बोलायचंच असतं. तू ते मनाला लावून आठ महिने गप्प बसलीस, ही तुझी अक्कल.

तुझे बाबा बुधवारी म्हणाले, फोन ठेवलास ते बरोबर केलंस. रविवारी ते कॉरिडॉरमध्ये उभे राहून तुझ्याशी बोलून आले. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. दोन बनियन वाळत घालायला कुणी चाळीस मिनिटं लावत नाही. तेव्हापासून त्यांचं तोंड उतरलं आहे. काय म्हणाली, असं विचारलं तर म्हणे, थंडी फार आहे तिकडे. एवढंच. अठ्ठावीस वर्षं शिपयार्डात वेल्डिंग केलं या माणसाने, पण लपवायला अजून शिकला नाही. काहीतरी आहे.

मी जे करायचं ते केलेलं आहे. काय ते विचारू नकोस.

तू उलट टपाली लिही. स्वतःच्या हाताने आणि मराठीत लिही, म्हणजे शेजारी बसून कुणी लिहून घेतलेलं नाही हे मला कळेल. मंडळात मी सांगितलंय की तू अमेरिकेत कोर्स करतेस. तेव्हा तुरुंगात असलीस तर आधी मला कळव, मग बाकीच्यांना.

आई


सेम्बावांग, २६ फेब्रुवारी

जाई,

तुझं पत्र अजून नाही. बाबांना खडसावलं तेव्हा थोडं थोडं बाहेर आलं.

फोन करणारी बाई चोर नाही म्हणे. नाव डेल्मा स्टँडिंग क्लाउड. मी म्हटलं, हे काय नाव झालं, उभा ढग? बाबा म्हणाले, आपल्या गावात ढगे नव्हते का? त्यांच्यातला उभा आहे, एवढंच. मी हसले नाही.

खात्री करायला श्रियाला बोलावलं. शेजारच्या ब्लॉकमधली, मुकुलची बायको, पुण्याची. लॅपटॉप घेऊन आली आणि आपल्या टेबलावर शोधून दिलं. ही बाई वीस वर्षं लाकोटांच्या पोलिसात होती, कॅप्टन होऊन निघाली. त्यांच्या जमातीचं स्वतःचं पोलीस खातं असतं म्हणे. आता पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, आगीचे बंब, सगळं तिच्या हाताखाली. तिचा भाऊ व्हर्लिन, शाळेचा मुख्याध्यापक. आणि म्हाताऱ्या माणसांना थंडीत जळाऊ लाकडं पोचवणारी जी संस्था, जिथे तू राबतेस, तीसुद्धा या दोघांनीच काढलेली. म्हणजे पोलीसही तेच, शाळाही त्यांचीच, समाजसेवाही त्यांचीच. एका घरात इतकं सगळं असलं की आपण काय समजतो ते तुला माहीत आहे.

फोटो पाहिला. गाडीला टेकून उभी, काळा चष्मा. श्रिया म्हणाली, "काकू, किती रुबाबदार आहे!" मी म्हटलं, चष्मा काढून दाखव म्हणावं.

इथवर ठीक होतं. मग बाबा म्हणाले, अजून एक आहे, पण तू ओरडू नकोस.

येत्या जूनमध्ये ती बाई तुला मुलगी करून घेणार. त्याला हुंका म्हणतात, नातं जोडायचा विधी. आणि तू बाबांना सांगितलंस की आई हो म्हणाली तरच, ती नाही म्हणाली तर नाही. म्हणून ते दोघं मार्चमध्ये इथे येतायत. तोआ पायोहला कसली परिषद आहे, तिच्यासाठी. आणि मग आपल्या घरी. मला विचारायला.

मी काय मेले आहे? जिवंत आईच्या मुलीला दत्तक घेतात?

दत्तक म्हणजे काय ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. पद्माकरमामाला तू दोनदा भेटलीस, लांबचा कुणी असं तुला वाटलं असेल. तो माझा सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा होता तेव्हा माझ्या वडिलांच्या चुलतभावाला दिला, त्यांना मूल नव्हतं. साताऱ्याहून वाईला गेला, काही सातासमुद्रापार नाही. पण दिवाळीला आला की आई त्याला पाहुण्याच्या ताटात वाढायची आणि तो तिला काकू म्हणायचा. तसं म्हणायचं असं त्याला शिकवलं होतं. आई हो बाळा म्हणायची आणि मागे जाऊन भांडी घासायची. घासलेलीच भांडी. मी दहा वर्षांची होते, मी बघितलंय.

तर उत्तर नाही असं आहे. बाईंना सांग, विमानाने येताय तर परिषदेला या, सिंगापूर बघा, माझ्या दारात येऊ नका.

आई


सेम्बावांग, १४ मार्च

जाई,

आज तोआ पायोहला गेले होते. तवा आणायला. तवा सेम्बावांगलाही मिळतो हे मला माहीत आहे, तू सांगायची गरज नाही. श्रियाला सुट्टी होती म्हणून ती बरोबर आली. परिषदेचा हॉल वाटेतच होता आणि आत गार होतं, म्हणून जरा मागे बसलो.

कुठून कुठून लहान लहान जमातींची माणसं आली होती. बोर्निओची होती, तैवानची होती. तुझ्या डेल्माबाईचा भाऊ आधी बोलला. ढेरपोट्या, हसरा. अशा माणसांपासून मी लांब राहते. श्रिया कानात सांगत होती. म्हणाला, आमच्या शाळेत भाषा शिकवायला आम्ही म्हाताऱ्या बायका आणून बसवतो. त्या शिकवत बिकवत नाहीत, नुसत्या पोरांवर रागावतात, पण लाकोटात. पोरं आधी रागावून घ्यायला शिकतात, मग उलटून बोलायला, मग भाषा येते. लोक हसले. हे मात्र मला पटलं. तू अशीच शिकलीस.

मग ती. चष्मा नव्हता. हातात कागद नाही. त्यांचा मुलूख म्हणे इतका की दहा सिंगापूर आत मावतील, आणि एका पाळीला पोलीस पाच. घरांना धड पत्ते नाहीत. मदतीचा फोन आला की फोन घ्यायला बसलेली मुलगी पहिलं हे विचारते, तू कुणाच्या घरातली? नाव कळलं की घर कळतं, आणि त्या घराच्या माणसांना उठवता येतं. पोलिसांच्या आधी चुलतभाऊ पोचतो, म्हणाली. मी बघत होते, ही कुठे अडखळते का. अडखळली नाही. सराव असेल.

चहाच्या वेळी दोन पोलीस आले, आपले, इथले. तरणी पोरं, अदबीने बोलत होती. त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं. पासपोर्ट बघितला, काही विचारलं, लिहून घेतलं. वीसेक मिनिटं तरी. सगळा हॉल कप हातात धरून बघत होता. परिषदेचा आयोजक धावत आला, त्याच्या कपाळावर घाम. तो ढेरपोट्या भाऊ हसायचा थांबला आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग काय झालं कुणास ठाऊक, बाई हसली, दोन्ही पोरांशी हात मिळवला आणि चहा घ्यायला गेली. चहा संपला होता.

श्रिया मला म्हणाली, "काकू, अहो कुणी केलं असेल असं? परक्या देशात, चारचौघांत?" मी म्हटलं, मला काय माहीत, चल, उशीर झाला.

तवा राहिला.

हे मी तुला का सांगते माहीत नाही. माझा काही संबंध नाही. परवा, म्हणजे रविवारी, ते दोघं येतायत. मी नको म्हटलं होतं, बाबांनी या म्हटलं. या घरात माझं चालतं अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक.

आई


सेम्बावांग, १७ मार्च

जाई,

काल आले.

मी ठरवलं होतं, फक्त चहा. माणसाला जेवायला घातलं की त्याला नाही म्हणता येत नाही. श्रियाला मध्ये बसवली, माझं मराठी तिकडे आणि त्यांचं इंग्रजी इकडे करायला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जशी काही मुलगी बघायला मंडळी येतायत. तसंच होतं म्हणा.

बाई माझ्याहून वीतभर उंच. केस पिकलेले, एक वेणी. न सांगता दारात बूट काढले, जोडी नीट लावली. आणि आत आल्यापासून माझ्याकडे बघेना. मी बोलते तर ती बघते टेबलाकडे, पाण्याच्या ग्लासाकडे. मला वाटलं, सापडली. वीस वर्षं पोलिसात आणि नजर चुकवते? श्रियाला म्हटलं, विचार हिला, खाली काय बघते. श्रिया म्हणाली, "काकू, असं कसं विचारू?" मी म्हटलं, तोंडाने. विचारलं तिने. भाऊ गडगडून हसला. म्हणाला, आमच्यात ज्याला मान द्यायचा त्याच्याकडे असं टक लावून बघत नाहीत. ही फक्त पकडलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघते. तुम्ही अजून सुटलेल्या आहात.

मग बाईने पिशवीतून कसली तरी माळ काढली. मला वाटलं लसणाची वेणी. पांढरे कंद, वाळलेले, माळावर उगवतात म्हणे. तिने खणले, तू सोललेस आणि तूच विणलेस. मी हातात घेऊन बघितली. शेवटची गाठ सैल. तुझीच. मी ती माळ ओट्यावर ठेवली, थँक्यू म्हटलं नाही. वस्तू घेतली की उपकार चढतो.

बाई म्हणाली, "तुमच्या पत्रात मी चोर आहे."

मी श्रियाकडे बघितलं, बरोबर सांगतेस ना? बरोबरच होतं. तू माझी पत्रं तिथल्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचतेस. इंग्रजी करून. सगळे ऐकतात. बाई म्हणाली, "उभ्या ढगाचं मी दोनदा वाचायला लावलं. आता माझा भाऊ मला ढगे म्हणतो."

जाई, आईचं पत्र असं चव्हाट्यावर वाचतात? ते मी तुला वेगळं विचारीन.

पण आता लपवून काय राहिलं होतं? मी श्रियाला म्हटलं, सांग त्यांना, शुक्रवारचे पोलीस मी पाठवले. फोन आला त्याच दिवशी तक्रार दिली होती, आणि परिषदेची जागा कळली तेव्हा परत जाऊन तीही दिली. श्रिया म्हणाली, "काकू!" बाबा उठून उभे राहिले, मग कशाला उठलो हे न कळून परत बसले. मी म्हटलं, सांग गं.

बाई अजून टेबलाकडेच बघत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. तक्रार कुणाची ते त्या पोराने सांगितलं नाही. पण त्याने वाचून दाखवलं, संशयित बाईचा आवाज जाड, घाई अजिबात नाही. मी म्हटलं, ही तर जाईची आई." मग म्हणाली, "फोन घ्यायच्या टेबलावर मला अशीच बाई हवी आहे. आमच्याकडे सगळे लगेच विश्वास ठेवतात."

सगळे हसले. मला हसायचं नव्हतं.

मी विचारलं, माझीच मुलगी का? तुम्हाला नाहीत का?

म्हणाली, "दोन मुलगे आहेत. एक कामाचा आहे." भाऊ परत हसला. ती हसली नाही. पुढचं तिने हळू सांगितलं, श्रियाला थांबून थांबून बोलू दिलं.

मला तो फोन आला तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. तू एकटी लाकडं भरून गाडी घेऊन गेली होतीस, एका म्हाताऱ्याकडे, पार टोकाला. परतताना बर्फाचं वादळ आलं आणि गाडी चारीत गेली. तू मदतीचा फोन केलास. टेबलावरच्या पोरीने विचारलं, तू कुणाच्या घरातली? तू म्हणालीस, कुणाच्याच नाही. आणि तुझा फोन बंद पडला.

"असं उत्तर आमच्याकडे कुणी देत नाही," बाई म्हणाली. "कुणाला उठवायचं तेच त्या पोरीला कळेना. त्यात पाऊण तास गेला. मग मला सांगितलं. मी निघाले. संस्थेच्या कागदावर तुमचा नंबर होता, वाटेत तुम्हाला लावला. मला एकच विचारायचं होतं. ही मुलगी गाडीत बसून राहणारी आहे, की चालत निघणारी?"

श्रियाने हे मराठीत सांगितलं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी तीनदा फोन ठेवला.

बाई धरून चालली की तू बसून राहशील, शिकलेली मुलगी आहेस. गाडीशी गेली. गाडी रिकामी. मग कुंपणाच्या तारेच्या कडेकडेने शोधत शोधत दोन तास. तू चालत निघाली होतीस. मला विचारलं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं. चार वर्षांची होतीस तेव्हा मार्केटमध्ये चुकायचीस, मी म्हणायचे एका जागी उभी राहा, आणि तू मला शोधायला निघायचीस.

डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेली. हे मला परक्या बाईकडून कळलं. बाबांना ते फेब्रुवारीतच, कॉरिडॉरमधल्या त्या फोनवर कळलं होतं. बाई सांगत होती तेव्हा ते खाली मान घालून बसले होते. त्यांना मी काही बोलले नाही. बोलेन.

बाई म्हणाली, "आपल्या माणसाबद्दल असं विचारायला लागत नाही. दहा जणांना माहीत असतं. म्हणून मला ती माझ्या घरातली हवी आहे."

मी विचारलं, आणि मग ती मला काय म्हणणार? काकू?

माझ्या भावाबद्दलचं पत्र तिने ऐकलेलंच होतं. तिने मान वर केली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आई," म्हणाली. मराठीत. तू शिकवलंस का? मग इंग्रजीत सांगितलं, आमच्यात इकडून काढून तिकडे नेत नाहीत. ती माझी मुलगी झाली की तुम्ही माझी बहीण होता. आईच्या बहिणीलाही आमच्यात आईच म्हणतात. तिला दोन होतील. तुम्हाला चालेल का, हे विचारायला आले.

मी उठले, गॅस पेटवला आणि पोळ्या केल्या. त्या ढेरपोट्याने सात खाल्ल्या. बाईने तीन, पण मन लावून. निघताना तुझी चिठ्ठी दिली. दोन ओळी. "आई, तू नाही म्हणालीस तर मी करणार नाही. पाय बरा आहे." शुद्धलेखनाच्या तीन चुका.

गोड बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. ही गोड बोलत नाही, म्हणून जास्त जपून राहावं लागेल असं मला वाटतं. माझं उत्तर मी तुला देणार नाही. विचारलं तिने, तिलाच देईन.

बोटांचं तू मला का नाही सांगितलंस, हे मी विचारत नाही. का ते मला माहीत आहे.

आई


सेम्बावांग, २४ मार्च

डेल्माबाई,

मला इंग्रजी लिहिता येत नाही. जाई वाचून दाखवील. जाई, जसं लिहिलंय तसंच सांगायचं, मधलं काही गाळायचं नाही. बाई, ती गाळते आहे असं वाटलं तर तिच्या डोळ्यांत बघा.

आठवडाभर मी विचार केला. जाईच्या बाबांशी भांडले, ते झालं. आता तुमचं.

तुम्ही माझ्या घरी येऊन मला एक गोष्ट विचारली नाहीत. आठ महिने ही मुलगी मला फोन का करत नव्हती, आणि बोटं गेली तरी का नाही केला. तुम्ही पोलीस आहात, तुम्हाला सुचलं असणारच. मुद्दाम नाही विचारलंत. ते मी लक्षात ठेवलं आहे.

जूनमध्ये ती म्हणाली, मी परत येत नाही. मी म्हणाले, तिकडेच राहा, मेलीस तरी मला फोन करू नकोस.

जाई, थांबू नकोस. पुढे वाच.

मी तसं बोलते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी तसंच बोलते, आमच्या घरात कुणी ते धरून ठेवत नाही. तिने धरलं. बर्फात कुंपणाला धरून चालत होती तेव्हाही धरलं असेल. तुमच्या फोनवरच्या पोरीला ती म्हणाली, कुणाच्याच घरातली नाही. ते तिला मी शिकवलं. माझा शब्द मी परत घेते. तिला तोंडावर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून तिच्याच तोंडून तुम्हाला सांगते. तिने ऐकलं असं समजते.

आता त्या टेबलावरच्या पोरीला लिहून घ्यायला सांगा. जाई चालत निघणारी आहे. चुकली की डावीकडे वळते, कायम. घाबरली की गप्प होते, रडत नाही, तेव्हा आवाज येत नाही म्हणून निघून जायचं नाही. मी जेवले असं म्हणाली तर भांडं उघडून बघायचं. मी ठीक आहे असं दोनदा म्हणाली तर नाही. धुळीने दम लागतो, लहानपणी दोनदा हॉस्पिटलात ठेवली होती, ते तिने तुमच्या कागदावर लिहिलं नसणार. तिच्याहून मोठं कुणी रागावलं की ऐकते, समजावलं की नाही. हे मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. तिच्या बाबांनासुद्धा अर्धंच माहीत आहे.

तुमचे कंद मी भिजवून आमटीत घातले. शिजायला फार वेळ घेतात. चव वाईट नाही. मसाला लागतो.

मला तुम्ही अजून पूर्ण पटलेल्या नाही. तुमचा मुलूख मी बघितला नाही, तुमचं घर बघितलं नाही, तो कामाचा मुलगा आणि तो बिनकामाचा, दोघांना बघितलं नाही. श्रियाने माझा अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरला आहे. येण्याचं कारण काय, असा प्रश्न होता. तिने विचारलं, काकू, काय लिहू? मी म्हटलं, चौकशी. तिने दुसरं काहीतरी लिहिलं.

श्रिया म्हणाली, अशा विधीला घरचं माणूस शेजारी उभं असलं तर बरं. तिला काय माहीत, कुठेतरी वाचलं असेल. पण तसं असलं तर जाईच्या शेजारची जागा कुणाला देऊ नका. थंडी गेलेली असली तरी तिच्या पायात दोन मोजे घाला, ती नको म्हणेल.

उत्तर हो. करून घ्या तिला मुलगी.

खाली तुमची बहीण असं आज लिहीत नाही. आधी येते, बघते, मग लिहीन.

अरुणा